शर्करेच्या सासरीं

गेल्या महिन्यांत या पानावर आमची गैरहजेरी पडली, म्हणून कित्येक वाचकांनीं पत्रें पाठवून आमच्या प्रकृतीची विचारपूस केली. त्यांचे आभार मानून सांगतों कीं, प्रकृति उत्तम होती; आम्ही इस्तंबूल शहरीं मिठाईच्या दुकानांतून हिंडत होतों. आमचे डॉक्टर या मासिकाचे वर्गणीदार नाहींत, म्हणून हें उघडपणें लिहितां येतें.

चिरंजीवांस कचेरीच्या कामानिमित्त तेथें पंधरा दिवस राहावयाचें होतें. सूनबाई व आठ वर्षांची नात त्यांच्याबरोबर जाणार होत्या. त्यांनीं आम्हांसही ओढलें. आमच्या घरांतून गुडघ्यांच्या सबबीवर मागें राहिल्या. निघतेवेळीं वहिनींच्या पायां पडलों. वहिनी म्हणजे आमच्या कैलासवासी वडील बंधूंच्या पत्नी, वय वर्षें 84. आम्हांस आमची आई आठवत नाहीं. आठवते ती वहिनींची मांडी. बाजारची मिठाई त्यांनीं जन्मांत तोंडांत घातलेली नाहीं, आणि गेलें वर्षभर तर घरच्याही अन्नावरची त्यांची वासना उडाली आहे. दोन घांस भात आणि वाटीभर ताक, एवढाच आहार. त्या दिवशीं मात्र त्यांनीं आमच्या पाठीवरून हात फिरविला आणि म्हटलें, "बाळ, येतांना तिकडचें कांहीं गोड आण. मला चालेल असें." इतक्या वर्षांत त्यांनीं आमच्यापाशीं मागितलेली ही पहिलीच वस्तु.

'मला चालेल असें' हे तीन शब्द घेऊन आम्ही विमानांत बसलों.

इस्तंबूलच्या बेयोग्लू भागांत इस्तिकलाल नांवाचा लांबलचक रस्ता आहे. तो बहुतेक पायीं चालणाऱ्यांचाच. तेथील एका दुकानांत हातानें घडविलेलें चॉकलेट मिळतें, असें सूनबाईंनीं वाचलें होतें. कांचेमागें चॉकलेटचे फरशीएवढे तुकडे रचलेले होते, आणि त्यांत अख्खे पिस्ते व हेझलनट खचून भरलेले. काळ्या समुद्राच्या कांठीं ओर्दू व गिरेसून या प्रांतांत या हेझलनटाच्या बागा आहेत. जगांत याचें सर्वांत मोठें पीक तुर्कस्तानाचेंच. दुकानाच्या मागील अंगास एक कारागीर संगमरवरी शिळेवर पातळ चॉकलेट ओतून दोन रुंद पात्यांनीं तें पसरी व पुन्हां गोळा करी. आम्ही खुर्ची मागून घेतली आणि अर्धा तास पाहत बसलों. दुसऱ्यास नीट काम करतांना पाहणें हें सेवानिवृत्त मास्तरांचें मोठें सुख आहे.

त्या पसरण्या-गोळा करण्यांत मर्म आहे. कोकोच्या बियांतील लोणी निवतांना अनेक तऱ्हांनीं गोठूं शकतें. त्यांतली एकच तऱ्हा अशी कीं, जिच्या योगानें वडी चकाकते, मोडतांना कट्कन आवाज करते, आणि बोटांत न विरघळतां जिभेवर विरघळते. ती साधावयाची तर काळें चॉकलेट 45 ते 50 अंशांपर्यंत तापवून, 28 अंशांच्या आसपास उतरवून, पुन्हां 31-32 अंशांवर आणावें लागतें. पाक एकतारी झाला कीं दोनतारी, हें चिमटींत धरून पाहणाऱ्या आपल्याकडील बायकांस यांत नवल वाटणार नाहीं. त्या कारागिरापाशीं उष्णतामापक यंत्र होतें. तरी शेवटीं त्यानें पात्याच्या टोंकावरचें चॉकलेट खालच्या ओठाला लावूनच पाहिलें.

विक्रीवरील मुलाला आमची भाषा येईना, आम्हांस त्याची. सूनबाईंनीं फोनमधून एक तुर्की शब्द काढून दिला होता, तो आम्हीं विचारिला: "एत?" एत म्हणजे मांस. मुलगा दचकला, मग मान मागें टाकून मोठ्यानें म्हणाला, "योक!" योक म्हणजे नाहीं. दारू? योक. अंडें? योक. तीन नकार मिळाल्यावर आम्ही निर्धास्त झालों. आंत पांढरा मऊ गर असलेल्या वड्यांची एक पेटी वहिनींसाठीं बांधून घेतली आणि तसल्याच चार वड्या तेथेंच उभ्या उभ्या खाल्ल्या. उत्तम होत्या. खोटें कां लिहावें?

रात्रीं मुक्कामावर सूनबाईंनीं पेटीच्या बुडावरील बारीक छापील मजकूर फोनपुढें धरला. मग त्या आमच्याजवळ येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाबा, यांत जिलेटिन आहे." जनावरांचीं हाडें व कातडें उकळून काढलेला हा पदार्थ, त्यानें तो पांढरा गर आळलेला असतो. कोणत्या जनावराचें, तेंही छापलें होतें. त्या देशांत डुकराचें चालत नाहीं. उरलें कोणतें, तें आमच्या लेखणीनें लिहवत नाहीं.

त्या मुलास दोष देण्यास आम्हांस जागा दिसेना. आम्हीं मांस विचारिलें, त्यानें मांस नाहीं म्हणून सांगितलें. प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा, असें छत्तीस वर्षें मुलांच्या कानीकपाळीं ओरडलेले आम्ही. प्रश्न आम्हींच चुकीचा काढला होता.

आम्ही कांहीं मोठे कर्मठ नव्हें. संध्या सुटून बरींच वर्षें झालीं. तरी त्या रात्रीं झोंप आली नाहीं. न जाणतां घडलेलें आणि जाणून केलेलें यांत स्मृतिकार भेद करितात, हें आम्हांस पाठ आहे. परंतु वचन पाठ असणें निराळें आणि त्यानें पोटांतलें ढवळणें थांबणें निराळें. स्वतःपेक्षांही दुसरी एक गोष्ट पुन्हां पुन्हां डोळ्यांपुढें येई. सूनबाईंनीं तो मजकूर वाचला नसता, तर ती पेटी आम्हीं आपल्या हातानें वहिनींपुढें उघडली असती. पहांटे थंड पाण्यानें स्नान केलें. पेटी चिरंजीवांनीं कोठें नेली, तें आम्हीं विचारिलें नाहीं.

दुसरे दिवशीं गालाता पूल ओलांडून एमिनोन्यू भागांत बाह्चेकापी येथें हाजी बेकिर यांच्या दुकानीं गेलों. बेकिर एफेंदी नांवाचा हलवाई कास्तामोनूकडून येऊन 1777 सालीं येथें बसला. पुढें मक्केची यात्रा झाल्यावर तो हाजी बेकिर झाला. आपल्याकडे तेव्हां सवाई माधवराव तीन वर्षांचे होते व बारभाईंचा कारभार चालला होता. पेशवाई गेली, तेथील सुलतानशाहीही 1922 सालीं गेली; हलवायाचें दुकान मात्र चालू आहे. दुकान मोठें नाहीं. कांचेच्या बरण्यांत रंगीत खडे, आणि लांकडी फळीवर लोकूमच्या चौकोनी वड्या, वर पिठी भुरभुरलेली.

आज प्रश्न नीट तयार करून नेला होता. फोनमध्यें मराठींत बोललों, "हें कशानें आळतें?" फोननें त्याचें तुर्की केलें. फळीमागील वयस्क गृहस्थांनीं तें दोनदां ऐकलें, आणि त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षकास चांगली उत्तरपत्रिका मिळाल्यासारखें समाधान दिसलें. ते म्हणाले, "निशास्ता."

शब्द फारसी, आमच्या ऐकण्यांतला. निशास्ता म्हणजे धान्याचें सत्त्व! कुरडयांसाठीं गहूं तीन दिवस भिजत घालून, वाटून, गाळून, तळाशीं बसणारा जो पांढरा चीक, त्याच्याच जातीचें हें. साखर, पाणी व सत्त्व मंद आंचेवर तासच्या तास घोटीत राहावयाचें, मग लांकडी तबकांत ओतून निवूं द्यावयाचें आणि दुसरे दिवशीं कापावयाचें. साखरेचे पुन्हां खडे बनूं नयेत म्हणून त्यांत किंचित आंबट पदार्थ घालतात. आपण पाकांत लिंबू पिळतों तें याच कारणास्तव. पूर्वी मध किंवा द्राक्षांची काकवी आणि पीठ यांचें असें कांहीं करीत. शुद्ध साखर व सत्त्व मिळूं लागल्यावर त्याला आजचें रूप आलें. अरबींत त्याला म्हणत राहत-उल-हुल्कूम, कंठाचें सुख. झिजत झिजत त्याचें लोकूम झालें. एका वडीला ओळखीचा वास आला, म्हणून पाहतों तों रुमी मस्तकी! वहिनींच्या औषधांच्या डब्यांत ही असे. ती खिओस बेटावरच्या झाडांचा डिंक आहे, आणि तें बेट 1912 पर्यंत तुर्कांच्याच अमलाखालीं होतें.

नातीनें तेवढ्यांत वहींत शब्दांची यादी सुरू केली होती. दुकानाला हे लोक द्युक्क्यान म्हणतात, हिशेबाला हेसाप, तराजूला तेराझी, बदामाला बादेम. हे शब्द त्यांनीं आणि आपण एकाच पेढीवरून उसने घेतलेले. पण साखरेला ते शेकेर म्हणतात, तो शब्द उसना नव्हे, तो आपल्या घरून गेला आहे. शर्करा म्हणजे मुळांत बारीक खडे, वाळू. कौटिल्यानें उसाच्या पदार्थांत फाणित, गूळ, मत्स्यण्डिका व खंड यांच्या पंक्तीला शर्करा बसविली. इराणांत ती शकर झाली, येथें शेकेर. आल्याच्या लोकूमवर 'झेंजेफिल' असें नांव वाचून तर आम्हांस आपलें शृंगवेर भेटल्याचा आनंद झाला. हें सर्व नातीस सांगतां सांगतां आमचा आवाज वर्गांतल्याइतका चढला असावा, कारण चार गिऱ्हाइकें थांबून पाहूं लागलीं.

त्या गृहस्थांनीं एक वडी कागदावर ठेवून आमच्यापुढें केली व पैसे घेण्यास नकार देत म्हटलें, "मिसाफिर." आपल्याकडे मुसाफिर म्हणजे वाटसरू, त्यांच्याकडे पाहुणा. कन्या दिली त्या घरीं, तिला मूल होईपर्यंत, बापानें अन्न घेऊं नये अशी जुनी चाल आहे. शर्करेला त्या घरीं इतकीं लेंकरें झालेलीं दिसत होतीं कीं, आम्हीं हात पुढें केला.

बरण्यांतल्या खड्यांना अकिदे म्हणतात. सुलतानाचे जानिसारी शिपाई पगाराच्या दिवशीं संतुष्ट असले म्हणजे हे खडे वजिरास देत. न दिल्यास वजिरानें काय समजावयाचें, तें समजे. 1826 सालीं सुलतानानें ती फौजच मोडून टाकली, खडे राहिले. नातीनें पावशेर घेतले. आम्हीं गुलाबाच्या लोकूमची एक पेटी घेतली आणि तिच्यावरचा मजकूर दुकानांतच, सर्वांसमक्ष, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचवून घेतला.

घरीं आल्यावर पेटी वहिनींपुढें ठेविली. त्यांनीं ती उघडली नाहीं. प्रथम विचारिलें, "हें आळलें कशानें?"

आम्ही त्यांच्याकडे पाहतच राहिलों. म्हटलें, "सत्त्वानें. आपल्या चिकासारखें." आणि मग, सूनबाई डोळ्यांनीं नको नको म्हणत असतां, त्या चार वड्यांची हकीकत आम्हीं सांगून टाकली. वहिनी बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. शेवटीं म्हणाल्या, "लहानपणींही तूं असाच. आधीं खावयाचें, मग विचारावयाचें. चंपाषष्ठीच्या आधींचीं वांगीं खाल्लींस तेव्हांही असाच तोंड पाडून बसला होतास."

त्यांनीं पेटी उघडली. वडी कोणाच्या हातची, हें त्यांनीं विचारिलें नाहीं; आम्हींही तो विषय काढला नाहीं. वडी दोन बोटांत दाबून पाहिली, वरची पिठी झटकली, आणि अर्धी मोडून तोंडांत धरली.

"गुलाब खरा आहे," त्या म्हणाल्या. "चीक मात्र आणखी घोटावयास हवा होता."

रात्रीं ताक झाल्यावर उरलेली अर्धी त्यांनीं मागून घेतली.