ब्लॉकचेन आणि महासाथ : वही पक्की, पण नोंद खरी आहे का?



३० मे २०२१ रोजी मुंबईत कांदिवलीच्या एका गृहसंकुलात कोरोना-प्रतिबंधक लशीचे शिबिर भरले. सुमारे ३९० रहिवाशांनी पैसे भरून लस टोचून घेतली. इतक्या लोकांपैकी कोणालाच साधी कणकणही कशी आली नाही, असा प्रश्न पुढे काही रहिवाशांना पडला. प्रमाणपत्रे हाती आली ती वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावांची होती, आणि असे शिबिर आपण घेतलेच नाही असे त्या रुग्णालयांनी सांगितले. पोलिसांत तक्रार झाली, तेव्हा शहरात अशी आणखीही बनावट शिबिरे झाल्याचे उघडकीस आले.

अशा फसवणुकीवर ब्लॉकचेन हा रामबाण उपाय आहे, असे मत २०२० पासून अनेकदा मांडले गेले आहे. ब्लॉकचेन ही कल्पना सुंदर आहे आणि साथीच्या काळात तिचा उपयोगही होऊ शकतो. परंतु कांदिवलीत जे घडले, त्यावरचे औषध ते नव्हे, असे माझे मत आहे. ते का, हे समजण्यासाठी प्रथम ब्लॉकचेन म्हणजे काय ते पाहू.

समजा, वर्गाच्या हजेरीपटाचे प्रत्येक पान लिहून झाल्यावर त्या पानावरच्या सर्व अक्षरांवर एक ठरावीक गणिती क्रिया केली आणि एक मोठी संख्या काढली. या संख्येला ‘हॅश’ म्हणतात. आपण तिला पानाचा अंगठा म्हणू. एसएचए-२५६ या प्रचलित पद्धतीत मजकूर एका ओळीचा असो वा हजार पानांचा, अंगठा नेहमी २५६ बिटांचाच निघतो. मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी तो ओळखू येणार नाही इतका बदलतो, आणि अंगठ्यावरून मूळ मजकूर मात्र काढता येत नाही.

आता प्रत्येक नव्या पानाच्या डोक्यावर आदल्या पानाचा अंगठा लिहायचा, असा नियम करू. मग कोणी पाचव्या पानावर गुपचूप खाडाखोड केली, तर त्या पानाचा अंगठा सहाव्या पानावरील नोंदीशी जुळणार नाही. सहावे पान बदलले तर सातवे जुळणार नाही. शिवाय या हजेरीपटाची प्रत एकट्या शिक्षकांकडे न ठेवता वर्गातल्या प्रत्येकाकडे ठेवली, तर लबाडी करणाऱ्याला बहुतेकांच्या प्रती बदलाव्या लागतील. एकमेकांत गुंफलेली पाने आणि अनेकांच्या हाती असलेल्या प्रती, या दोन गोष्टी मिळून ब्लॉकचेन होते.

या विचाराचे मूळ बिटकॉइनच्याही आधीचे आहे. १९९१ मध्ये स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन संशोधकांनी संगणकावरील कागदपत्रांवर विश्वासार्ह तारीख कशी घालावी यावर एक निबंध लिहिला. १९९५ पासून अशा कागदपत्रांचा एकत्रित अंगठा न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राच्या छोट्या जाहिरातींत छापला जाऊ लागला. जुनी नोंद बदलू पाहणाऱ्याने जगभरच्या वाचनालयांतले ते अंक कसे बदलावेत? सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनचा निबंध प्रसिद्ध झाला तो पुढे २००८ मध्ये.

महासाथीत या युक्तीचा प्रत्यक्ष वापर झाला. जानेवारी २०२१ मध्ये इंग्लंडमधील स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन आणि वॉरिक येथील दोन रुग्णालयांनी लशींच्या फ्रिजच्या तापमानाच्या नोंदी याच जातकुळीतील एका सामाईक खातेवहीत ठेवण्यास सुरुवात केली. लस ठरावीक तापमानाच्या मर्यादेतच टिकते. उदाहरणार्थ, कोव्हिशिल्ड २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागत असे. फ्रिज रात्री बंद पडला आणि सकाळी कोणी नोंदवहीत ‘५ अंश’ असे लिहून टाकले, तर निकामी लस टोचली जाण्याचा धोका असतो. तापमापकाने आपोआप केलेली आणि मागाहून न बदलता येणारी नोंद हा धोका कमी करते, यात शंका नाही.

पण आता भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारायलाच हवा असा प्रश्न विचारा. तो तापमापक बरोबर आहे कशावरून? व्हर्नियर कॅलिपर हाती घेतल्यावर आपण आधी शून्य त्रुटी पाहतो. फ्रिजमधला तापमापक ३ अंश कमी दाखवत असेल, तर ९ अंशांच्या जागी ६ अंश ही नोंद साखळीत इमानाने जाऊन बसेल आणि मग ती कोणालाही बदलता येणार नाही. नोंद झाल्यावर तिच्यात कोणी ढवळाढवळ केली का, एवढेच ब्लॉकचेन सांगते. नोंद करताना ती खरी होती का, हे सांगण्याचे कोणतेही साधन तिच्याजवळ नाही.

कांदिवलीची गोष्ट याच जातीची आहे. तेथे कोणी जुनी नोंद खोडली नव्हती. ‘लस दिली’ ही नोंदच मुळात खोटी होती. ती ब्लॉकचेनवर गेली असती तर अधिक भरवशाची दिसली असती, एवढेच. मला भीती वाटते ती याची. ‘ब्लॉकचेनवर आहे’ हे शब्द ऐकले की लोक पुढचा प्रश्न विचारण्याचे सोडून देतील.

दुसरी गोष्ट. भारताच्या कोविन यंत्रणेने १६ जानेवारी २०२१ पासून काम सुरू केले आणि १७ जुलै २०२२ पर्यंत देशात २०० कोटी मात्रांची नोंद झाली. तिच्या प्रमाणपत्रावरील क्यूआर चौकोनात माहितीसोबत डिजिटल सही असते. ती सही खरी आहे की बनावट, हे कोणालाही तपासता येते. त्यासाठी ब्लॉकचेन लागली नाही, कारण प्रमाणपत्र देणारा एकच होता आणि तो कोण हे सर्वांना मान्य होते. जेथे सर्वमान्य मुनीम आहे, तेथे शंभर जणांनी शंभर वह्या लिहिण्याचे कारण नाही.

मग ब्लॉकचेनची गरज कोठे आहे? जेथे अनेक पक्ष आहेत, कोणाचा कोणावर पुरता विश्वास नाही आणि सर्वांना मान्य असा मुनीमही नाही, तेथे. लस एका देशात तयार होते, विमानाने दुसऱ्या देशात जाते, गोदामात राहते आणि मग रुग्णालयात पोहोचते. कारखाना, वाहतूकदार, सरकार आणि रुग्णालय यांनी एकाच सामाईक वहीत कुप्यांच्या नोंदी केल्या, तर हिशेब जुळवता येतो. आलेल्या कुप्या = वापरलेल्या + वाया गेलेल्या + शिल्लक, हा एक प्रकारचा अक्षय्यतेचा नियमच आहे. कोव्हिशिल्डच्या एका कुपीत १० मात्रा असत, म्हणजे ३९० जणांसाठी ३९ कुप्या कोठून तरी निघालेल्या असायला हव्यात. मात्र ही बेरीज कोणीतरी करायला हवी आणि ती जुळली नाही तर कोणीतरी जाऊन कुप्या मोजायला हव्यात. साखळी आपण होऊन गोदामात जात नाही.

आणखी एक सावधगिरी हवी. पुसता न येणे हा गुण रुग्णाच्या बाबतीत दोष ठरतो. कोणाला कोणता आजार झाला हे कायमच्या वहीत नावानिशी लिहिणे योग्य नव्हे. चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा व ती काढून टाकायला सांगण्याचा हक्क भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा-संरक्षण कायद्यानेही मान्य केला आहे. म्हणून साखळीत नाव न ठेवता फक्त अंगठा ठेवावा आणि मूळ माहिती वेगळ्या सुरक्षित जागी असावी.

याच्या उलट एक साधी वस्तू पाहा. तोंडाने देण्याच्या पोलिओ लशीच्या कुपीवर १९९६ पासून उष्णता दाखवणारी चिठ्ठी लावली जाऊ लागली. तिच्या वर्तुळातला फिकट चौकोन उष्णतेने हळूहळू गडद होतो आणि पुन्हा कधीच फिका होत नाही. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की कुपी टाकून द्यायची. येथेही नोंद पुसता येत नाही. शिवाय ती त्या कुपीवरच असते, आणि खेड्यातल्या परिचारिकेला ती विजेविना, संगणकाविना वाचता येते. साथीत पैसा आणि वेळ दोन्ही अपुरे असतात. अशा वेळी कोणती युक्ती सर्वांत नवी यापेक्षा खोटेपणा नेमका कोठे शिरतो आहे, हे आधी विचारावे.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचे मूल्य प्रत्येकाच्या वहीत बरोबर ९.८ यावे अशी आपण अपेक्षा ठेवतो, आणि मुले उत्तरावरून निरीक्षणे तयार करू लागतात. त्या वह्या शाईने लिहिलेल्या असतात, त्यांवर तारीख असते, आपली सहीही असते. तरी निरीक्षण खोटेच. ज्याने प्रामाणिकपणे ९.४ लिहिले आणि चूक कोठे झाली असावी याचा विचार केला, त्याला अधिक गुण द्या. उद्या हीच मुले रुग्णालयात, प्रयोगशाळेत आणि लसीकरण केंद्रात पहिली नोंद करणार आहेत.

आणि विद्यार्थ्यांनो, ‘एवढ्या लोकांत कोणालाच ताप कसा नाही?’ हा प्रश्न लक्षात ठेवा. कांदिवलीची लबाडी बाहेर आली ती कोणत्याही यंत्रामुळे नव्हे. काय घडायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय घडले, याचा मेळ बसत नाही हे तेथल्या साध्या माणसांनी ओळखले आणि ती गप्प बसली नाहीत.