बिलावरचा कोड: दाखल होण्याआधी काय विचाराल?

मुरबे, सातपाटी किंवा बोईसरहून रुग्ण मोठ्या रुग्णालयात हलवायचा ठरला की नातेवाईकांचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, योजनेत बसेल ना?" त्याचे उत्तर तुमच्या कार्डाइतकेच एका छोट्या कोडवर अवलंबून असते.

कोड दोन प्रकारचे असतात. पहिला आजाराचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-10 या यादीत टाइप 2 मधुमेह म्हणजे ई11, हृदयविकाराचा तीव्र झटका म्हणजे आय21. दुसरा कोड उपचाराचा. अमेरिकेत डॉक्टरांच्या प्रत्येक सेवेला पाच अंकी कोड लावून बिल होते. आपल्याकडच्या सरकारी योजनांत मात्र पॅकेजचा कोड असतो आणि पैसे त्यावर ठरतात.

महाराष्ट्रात 2012 मध्ये 8 जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. तिचीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. 2023 च्या निर्णयाने ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली झाली आणि मर्यादा वर्षाला 5 लाखांवर गेली. त्यामुळे 'आम्ही पात्र आहोत का' यापेक्षा 'हा उपचार यादीत आहे का, आणि या रुग्णालयात त्याची मान्यता आहे का' हे विचारणे आता जास्त महत्त्वाचे. अस्थिरोगासाठी मान्यता असलेले रुग्णालय हृदयासाठीही मान्यताप्राप्त असेलच असे नाही. हे आरोग्यमित्राला विचारा, तो तिथेच बसतो.

शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्ये खाट, तपासण्या, औषधे, ऑपरेशन, जेवण सगळे धरलेले असते. घरी सोडल्यावर 10 दिवसांपर्यंतचा पाठपुरावाही. आयुष्मान भारतच्या नियमात एकाच वेळी दोन शस्त्रक्रिया झाल्या तर दुसरीचे निम्मेच पैसे रुग्णालयाला मिळतात, तिसरीचे चौथाई. रुग्णालये कुरकुरतात, आणि काही दर खरोखर अपुरे आहेत असे माझेही मत आहे. पण तो हिशेब त्यांचा आणि योजनेचा. 'पॅकेजमध्ये बसत नाही, बाहेरून आणा' असे सांगितले तर चिठ्ठी लिहून मागा, पैसे दिले तर पावती घ्या आणि 155388 वर फोन करा. अत्यवस्थ रुग्णासाठी फोनवर तातडीची परवानगी घेण्याची सोय आहे, म्हणून कागदांसाठी घरी परतण्यात वेळ घालवू नका.

आपल्या भागातली एक अडचण वेगळी आहे. इथले बरेच रुग्ण वापी, सिल्वासाला जातात. आयुष्मान भारतचे केंद्राच्या यादीतले लाभार्थी दुसऱ्या राज्यातही उपचार घेऊ शकतात. फक्त राज्याच्या योजनेतून पात्र असाल तर ते गृहीत धरू नका, गाडी काढण्यापूर्वी विचारा. तारापूर एमआयडीसीत 21,000 रुपयांपर्यंत पगार असेल तर तुमचा मार्ग सहसा ईएसआयसीचा.

खासगी विमा असेल तर कोडचा त्रास वेगळ्या दाराने येतो. रुग्णालय भरते त्या दाव्याच्या फॉर्मवर आजाराचा आयसीडी कोड असतो आणि विमा कंपनी तो केसपेपरशी ताडून पाहते. दाखल करताना घाईत कोणी तरी सांगते, "साखर आहे, झाली असतील दहा वर्षं." प्रत्यक्षात निदान तीन वर्षांपूर्वीचे असते. तो 'दहा' केसपेपरवर उतरला की आजार पॉलिसीच्या आधीचा होता, तो लपवला, असा अर्थ निघतो आणि दावा अडकतो. खोटे सांगू नका, अंदाजही सांगू नका. निदानाचा पहिला रिपोर्ट जवळ ठेवा. मोबाइलमध्ये फोटो असला तरी चालेल.

कॅशलेससाठी 2024 पासून विमा नियामकाने वेळ बांधून दिली आहे: पूर्वपरवानगीचा निर्णय 1 तासात, डिस्चार्जची अंतिम मंजुरी 3 तासांत. उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली तर ती विमा कंपनीने सोसायची. डिस्चार्जच्या दिवशी संध्याकाळपर्यंत ताटकळावे लागले, तर विनंती किती वाजता पाठवली हे बिलिंग काउंटरवर विचारा. निघण्यापूर्वी डिस्चार्ज कार्डावरचे निदान, केलेली शस्त्रक्रिया आणि बाजू (डावी की उजवी) एकदा वाचून पाहा. चूक दिसली तर तिथेच सही-शिक्क्यासह दुरुस्त करून घ्या. घरी आल्यावर त्याच कामासाठी पुन्हा खेप पडते.