शिपाई कोणी व्हायचं?

आम्ही चार-पाच पेन्शनर मंडळी रोज संध्याकाळी जयसिंगपूर स्टेशनच्या बाजूला फिरायला जातो. हल्लीच्या पोरांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणतो, "यांना दोन वर्षं सक्तीनं मिलिटरीत धाडलं पाहिजे, म्हणजे सरळ होतील!" बाकीचे माना डोलावतात. मीही डोलवायचो. परवा मात्र सहज विचारलं, "तुमचा नातू कोणत्या हुद्द्यावर जाईल?"

"ऑफिसर!" लगेच उत्तर आलं. सगळे हसले आणि विषय बदलला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. सगळेच ऑफिसर झाले तर शिपाई कोणी व्हायचं?

सक्तीची थोडी चव आमच्या पिढीनं घेतली आहे. चीनच्या युद्धानंतर 1963 मध्ये कॉलेजात एनसीसी सक्तीची झाली, ती 1968 पर्यंत होती. मी 1965 ला कॉलेजात गेलो. मिळालेले बूट एक नंबर मोठे, त्यात कागद कोंबून परेड करायची. हजेरी झाली की मागच्या रांगेतली निम्मी मुलं गायब! आवडीनं आलेली दहा-बारा जणं तेवढी खरंच काही शिकली. पुढे मास्तरकी करतानाही हेच दिसलं. सक्तीनं हजेरी मिळते, शिस्त नाही.

सक्तीच्या बाजूनं एक मुद्दा मला पटतो. श्रीमंताचा आणि शेतमजुराचा मुलगा एकाच बराकीत झोपेल. पण बराकीतही उतरंड असतेच. दक्षिण कोरियात प्रत्येक धडधाकट तरुणाला सुमारे दीड वर्ष सैन्यात जावं लागतं. तिथे 2014 मध्ये एक नवखा शिपाई आपल्याच वरच्या शिपायांच्या मारहाणीत मेला. रशियात तर जुन्यांनी नव्यांना छळण्याच्या या प्रकाराला 'देदोवश्चिना' असं नावच आहे. ज्याला नोकरी सोडून जाता येत नाही आणि ज्याच्या खाली कोणी नाही, त्याच्यावर सगळ्यांचा राग निघतो.

आपलं सैन्य स्वखुशीनं आलेल्यांचं आहे. आमच्या शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीला ते नाव मिळालं, ते घरटी सैनिक दिल्यामुळे. मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांनी एप्रिल 1945 मध्ये इटलीतल्या सेनिओ नदीकाठी गोळीबारातून दोन जखमी सोबती पाण्यातून पलीकडे नेले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. तेव्हा ते साधे शिपाई होते.

आता 'स्वखुशी' म्हणताना मात्र माझी जीभ जरा अडखळते. पहाटे उदगावच्या रस्त्याला भरतीसाठी धावणारी पोरं बघा. त्यात डॉक्टरांचा मुलगा मला अजून दिसलेला नाही. जमीन थोडी, भावंडं दोन-तीन, म्हणून निघालेली ही मुलं. ही परिस्थितीची सक्तीच नव्हे का?

जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली. अग्निवीर हा वेगळाच हुद्दा, मुदत चार वर्षांची. पहिल्या वर्षी महिना 30,000 रुपये, चौथ्या वर्षी 40,000. त्यातले 30 टक्के कापून, सरकार तेवढेच घालून, शेवटी व्याजासह सुमारे 11.71 लाख हातात. पेन्शन नाही. 100 पैकी जास्तीत जास्त 25 जण कायम होणार. पूर्वीचा शिपाई नायक, हवालदार, नशीब असेल तर सुभेदार होऊन गावी यायचा. 15 वर्षांच्या नोकरीवर पेन्शन असायची. त्या पेन्शनीवर घरं उभी राहिली, बहिणींची लग्नं झाली.

सैन्य तरुण राहावं, हा सरकारचा हेतू मला कळतो. पण माझ्या एका विद्यार्थ्याची आई बाजारात भेटली आणि म्हणाली, "गुरुजी, चार वर्षांनी परत आल्यावर ह्याचं काय?" मला उत्तर देता आलं नाही. पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी 2023 मध्ये सुरू झालं. हिशेब तुम्हीच करा.

म्हणून मला वाटतं, दुसऱ्यांची पोरं सैन्यात धाडायच्या गप्पा पुरे झाल्या. जी आपणहून गेली, ती बाविशी-पंचविशीत परत येतील तेव्हा गावातली बँक, कारखाना, शाळा त्यांना दारात उभं करणार आहे का, हे आधी बघू या. हे बोलणारे आम्ही सगळे पेन्शनवर जगतो, एवढं तरी लक्षात ठेवायला हवं.

असो. तुमच्या घरातलं कोणी शिपाई झालं आहे का? विचार करून बघा.