आधी चिखल बघा, मग गाडी

गेल्या नोव्हेंबरात मिनिआपोलिसहून मावसभावाचा व्हिडिओ कॉल आला. त्याला एटीव्ही घ्यायची होती. मोटारसायकलसारखं हँडल आणि जाड, मऊ टायर असलेली ही चारचाकी आपण अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर पाहिलेली असते. तिथे पर्यटकांना पैसे घेऊन तिच्यावर फेऱ्या मारायला देतात. त्याचं बजेट सहा-सात हजार डॉलर होतं आणि कामं दोन. हिवाळ्यात घरासमोरचा बर्फ ढकलायचा आणि उन्हाळ्यात रानातल्या वाटांवर फिरायचं. मी सॉफ्टवेअर लिहितो, गाड्या बनवत नाही. पण घरात ‘इंजिनिअर’ म्हणून माझी ख्याती आहे, त्यामुळे सल्ला मलाच विचारला गेला.

मी सीताबर्डीत, मोदी नंबर तीनमधल्या भाड्याच्या खोलीत बसून ऐकत होतो. बर्फ मी फक्त रसवंतीवर पाहिलेला. पण त्याचे प्रश्न ऐकून मी गप्प झालो. उणे वीस अंशांत सकाळी इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होईल का? पुढचं पातं वर-खाली करणारी विंच किती वजन पेलते? लो गिअर आहे का? शहराची बर्फ काढणारी गाडी रस्ता साफ करताना घराच्या तोंडाशी ओल्या, घट्ट बर्फाचा बांध टाकून जाते. तो बांध हे यंत्र ढकलेल, की नुसती चाकं फिरत राहतील? अर्ध्या तासात त्याने रंग विचारला नाही. फिरायचा विषय शेवटी निघाला, तोही एका वाक्यात: “बर्फ ढकलू शकली तर फिरेलच की.”

त्याच आठवड्यात व्हरायटी चौकाजवळच्या टपरीवर आमच्या ग्रुपची बैठक बसली. विषय माझी नवी गाडी. मी थार घेणार हे जवळपास ठरलं होतं, टेस्ट ड्राइव्ह झाली होती. चर्चा अशी: काळी की लाल? हार्ड टॉप की सॉफ्ट टॉप? स्क्रीन केवढी? एकाने सुचवलं, “थार कायले घेतं बे, सगळ्यांकडे आहे. वावरात फिरवायले एटीव्ही घे, रील भारी येतीन.” आम्ही चौघे चार इंजिनिअर. रोज ऑफिसात ‘रिक्वायरमेंट काय आहे?’ विचारल्याशिवाय एक ओळ लिहीत नाही. आणि बारा लाखांच्या यंत्राबद्दल हा एक प्रश्न कुणीच विचारला नाही. मीही नाही.

तो प्रश्न माझ्या बापाने विचारला.

काटोल तालुक्यात आमची पाच एकर संत्री आहे. डांबरी रस्त्यापासून बगीचा साधारण एक किलोमीटर आत, मध्ये पांधण. मी मोबाइलवर थारचा फोटो दाखवला. बाबांनी तो नीट, दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाले, “चांगली आहे. भादव्यात आपल्या पांधणीतून ब्लोअर वढते का?”

हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. माझं म्हणणं एवढंच: वाहन निवडायचं तर त्याच्या सगळ्यात वाईट दिवसावरून निवडा. मजा त्याच्या मागून येते. आपली पिढी नेमकं उलटं करते. आपण मजा हप्त्यावर विकत घेतो आणि वाईट दिवस आई-बापाच्या आणि मजुरांच्या डोक्यावर ठेवतो. हे वाक्य अलंकारिक नाही. आमच्या बगीच्यात तो दिवस अक्षरशः डोक्यावरच असतो.

आंबिया बहाराची फळं झाडावर असताना ऑगस्ट-सप्टेंबरात फळगळ सुरू होते. फवारणी वेळेत झाली नाही तर रोज सकाळी झाडाखाली नुकसान मोजायचं. आणि नेमकी तेव्हाच पांधण बंद पडते. विदर्भातली काळी माती पाणी प्यायली की फुगते, चिकटते. टायरच्या खाचा तिने भरल्या की टायर गुळगुळीत होतो, मग दोन चाकं ओढोत की चार, गाडी गाऱ्यात फसते. गेल्या सप्टेंबरात भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर मिळाला नाही. मिळाला तेव्हा फवारणीचे दिवस गेले होते. पुढे तोडणीला व्यापाऱ्याची पिकअप पांधणीच्या तोंडाशीच थांबली. गाडी आत येत नाही म्हणजे भाव कमी. वर कॅरेट रस्त्यापर्यंत न्यायची मजुरी आमची. वीस-वीस किलोचं एकेक कॅरेट डोक्यावर घेऊन बाया तो किलोमीटर चिखलातून चालल्या. मी त्या दिवशी ऑफिसातून सुट्टी घेऊन गेलो होतो. चार कॅरेट उचलली आणि बसलो.

त्याच महिन्यात मी थारच्या वेटिंग पिरियडची चौकशी करत होतो. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण लिहिलं नाही तर बाकीचं सगळं खोटं.

गंमत अशी की थारचा पणजोबा शेतकऱ्यासाठीच बाजारात आला होता. दुसरं महायुद्ध संपताना, १९४५ साली, अमेरिकेतल्या विलीज कंपनीने लष्करी जीपची नागरी आवृत्ती काढली. ती विकली गेली ती शेतीचं यंत्र म्हणून. नांगर ओढेल, बाजारात माल नेईल, आणि इंजिनाची ताकद मागच्या दांड्यातून बाहेर काढून इतर अवजारंही चालवेल. या बाहेर काढलेल्या ताकदीला पीटीओ म्हणतात; ट्रॅक्टरवाल्याला हा शब्द समजावावा लागत नाही. हीच जीप महिंद्राने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत जोडायला सुरुवात केली. आज त्या वंशातली थार नाशिकला बनते, महिंद्राचे ट्रॅक्टर आपल्या हिंगण्यातही बनतात. दोन भावंडं वेगळी झाली. एकाच्या वाट्याला काम आलं, दुसऱ्याच्या वाट्याला रुबाब. हे वेगळेपण किती पुढे गेलं याची खूण २०२३ च्या जानेवारीत दिसली. थारची फक्त मागची दोन चाकं ओढणारी आवृत्ती ९ लाख ९९ हजारांपासून बाजारात आली. कंपनीचं चुकलं नाही. तिने गिऱ्हाईक बरोबर ओळखलं: याला चिखलात जायचंच नाही, चिखलात जाऊ शकणाऱ्यासारखं दिसायचं आहे.

मग एटीव्हीचं काय? मित्राचा सल्ला मी थट्टेवारी नेला नाही, कागद-पेन घेऊन बसलो. आपल्याकडे बहुतेक एटीव्हींना रस्त्यावर चालवायची मान्यता नाही. त्या रिसॉर्टमध्ये, किनाऱ्यावर, खासगी जागेत चालतात. २०१९ मध्ये पोलारिस या अमेरिकन कंपनीने स्पोर्ट्समन ५७० ही एटीव्ही भारतात रस्त्यावर आणली ती कशी? शेतीचा ट्रॅक्टर म्हणून मान्यता मिळवून. किंमत सुमारे आठ लाख. म्हणजे खेळण्याला रस्त्यावर यायचं झालं तेव्हा कामाचं नाव घ्यावं लागलं.

एटीव्हीच्या बाजूचं आधी सांगतो. ती हलकी असते, टायरमध्ये हवा अगदी कमी ठेवतात, त्यामुळे मऊ जमिनीवर ती जड गाडीपेक्षा कमी रुतते. एकट्या माणसाला बांधावरून फिरून यायला, पाइपलाइन बघायला, दोन पोती खत न्यायला उत्तम. अमेरिकेतले शेतकरी ती वापरतात ते उगाच नाही. पण त्या आकाराच्या यंत्रामागे साधारण पाच-सहाशे किलो ओढता येतात, तेही बऱ्या जमिनीवर. पीटीओ नाही, म्हणजे बगीच्याचा ब्लोअर नाही, रोटाव्हेटर नाही. इंजिन पेट्रोलचं. आणि बिघडली तर काटोलच्या कोणत्या मिस्त्रीकडे तिचे पार्ट मिळणार? मावसभावाला पोलारिस घेणं सोपं आहे, त्या कंपनीचं मुख्यालयच त्याच्या मिनेसोटात आहे. त्याची वाईट सकाळ बर्फाची, त्यावर तिथलं उत्तर एटीव्ही. माझी वाईट सकाळ काळ्या मातीची. त्याचं उत्तर मी कॉपी-पेस्ट केलं तर कोड चालणार नाही.

तेवढ्याच कागदावर तिसरं नाव लिहिलं: वीस-पंचवीस हॉर्सपॉवरचा छोटा ट्रॅक्टर, चारही चाकं ओढणारा. बुटका असल्यामुळे संत्र्याच्या वाकलेल्या फांद्यांखालून जातो. पीटीओवर ब्लोअर चालतो. ट्रॉलीत टनभर माल येतो. टायर उंच खाचांचे, चिखल झटकत जाणारे. मिस्त्री गावागावात. नवा साधारण पाच-सहा लाखांच्या घरात, वापरलेला त्याहून बराच कमी. सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, आणि अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करता येतो.

आता हिशेब. समजा थारसाठी १२ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, सात वर्षं. हप्ता महिना १९,३०० रुपयांच्या आसपास. सात वर्षांत नुसतं व्याज चार लाखांहून जास्त. म्हणजे मी जे व्याज भरणार होतो त्यात वापरलेला छोटा ट्रॅक्टर बसतो. आणि माझं रोजचं जाणं-येणं? सीताबर्डीहून खापरीला मेट्रो जाते, मी तिनेच मिहानला जातो. थार माझ्यासाठी आठवड्यातले पाच दिवस गल्लीत दुसऱ्याचं गेट अडवून उभी राहणार होती, आणि शनिवारी मुंजे चौकाच्या गर्दीत पहिल्या गिअरवर तिचं ‘ऑल-टेरेन’ सिद्ध करणार होती.

“पण मजेचं काय? सगळं कामासाठीच जगायचं का?” हा आक्षेप माझ्या ग्रुपने घेतला आणि तो हलका नाही. सत्तावीस-अठ्ठावीसाव्या वर्षी स्वतःच्या पैशाने आवडीची गाडी घेणं हे पाप नाही. आमच्यातल्या काहींच्या घरात ही पहिलीच चारचाकी असणार आहे, तिचा आनंद मला कळतो. पण ‘ट्रेल’वर जायचं म्हणता, तेव्हा मला सांगा, आपल्याकडे ट्रेल म्हणजे काय? मावसभावाकडे अशा गाड्यांसाठी आखलेल्या, देखभाल होणाऱ्या वाटा आहेत. आपल्याकडे डांबर संपलं की सुरू होते ती कुणाची तरी पांधण, कुणाचा तरी बांध, नदीचं पात्र, नाहीतर जंगल. पावसाळ्यात तुम्ही ‘ऑफ-रोडिंग’ करून ज्या पांधणीत दोन फुटांच्या चाकोऱ्या पाडता, तिच्यातून दुसऱ्या दिवशी कुणाची तरी बैलगाडी जाणार असते. तुमचं ऑफ-रोड हा त्याचा रोड असतो.

जंगलाचं तर बोलायलाच नको. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगावच्या बाजूला, सफारीच्या गाड्यांनी एफ-२ वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्हीकडून अडवली. व्हिडिओ देशभर फिरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाइडवर कारवाई झाली, ती व्हायलाच हवी होती. पण मागच्या सीटवरून ‘अजून थोडं पुढे घ्या भाऊ’ म्हणणारी माणसं कोण असतात? आपणच. जागा कुणाची आहे हे न विचारता तिच्यात घुसायची सवय आपल्याला गाडीबरोबर फुकट मिळते.

एक गोष्ट मात्र कबूल. ट्रॅक्टर घेतला म्हणून पांधण नीट होत नाही. राज्यात मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आहे. अडवलेला शेतरस्ता मोकळा करून घ्यायला मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. कागद आहेत. ते हलवायला अर्ज भरणारा, तारखांना जाणारा, भाऊबंदांना एकत्र बसवणारा माणूस लागतो. गावातली शिकलेली पोरं पुण्यात, हैदराबादेत, नाहीतर माझ्यासारखी बर्डीवर. चारही चाकं ओढणारी गाडी खाजगी उत्तर आहे, रस्ता सार्वजनिक. आमच्या पांधणीवर अकरा घरांची शेतं आहेत. अकरा घरांनी मिळून दोन ट्रॉल्या मुरूम टाकला तर एक पावसाळा निघतो, हे बाबा दहा वर्षांपासून सांगतात. मी पहिल्यांदा ऐकलं ते यंदा, कारण आता त्या रस्त्यावर माझं स्वतःचं यंत्र चालणार आहे.

हो, घेतला. जानेवारीत, वापरलेला, चोवीस हॉर्सपॉवरचा, बाबांच्या नावावर. रंग निवडायला मिळाला नाही. लाल आहे, एका बाजूने उडालेला. ग्रुपवर फोटो टाकला तर तासभर नुसते हसणारे इमोजी आले. मग रात्री त्यातल्याच एकाने वेगळा मेसेज केला. त्यांचं शेत नरखेडकडे आहे. “आमच्याकडे पण पांधणीचा लोचा आहे बे. कितीले पडला?”

तर गाडी घ्या, जरूर घ्या. मजेची हवी असेल तर मजेचीच घ्या. पण शोरूममध्ये जायच्या आधी एकदा घरी फोन करून विचारा, आपल्याकडे वर्षातला सगळ्यात वाईट दिवस कोणता आणि त्या दिवशी ओझं कोण उचलतं. घरी शेत नसेल तर वाईट दिवस वेगळा असेल: आजीला दवाखान्यात न्यायची रात्र, नाहीतर पाण्यात बुडालेला अंडरपास. उत्तर आलं की मग रंग बघा.

मावसभावाने शेवटी एटीव्ही घेतली. फेब्रुवारीत त्याने व्हिडिओ पाठवला: पहाटेचा अंधार, पुढे पातं, बर्फाचा बांध बाजूला सरकतोय. मी त्याला आमचा पाठवला: बाबा ट्रॅक्टरवर, मागे ब्लोअर, संत्र्याच्या दोन ओळींमधून धुकं उडत चाललेलं. तो म्हणाला, “अरे, तुझी तर माझ्यापेक्षा भारी आहे.”

पांधण अजून कोरडी आहे. खरी परीक्षा भादव्यात.