नागमोडी रेघ काय सांगते?

घरातला दिवा लागत नसेल तर तुम्ही काय कराल? भिंती फोडून सगळी वायरिंग नवी घालाल काय? मुळीच नाही. शेजारच्या खोलीतला दिवा लागतो का ते पाहाल, मग बल्ब बदलाल, मग फ्यूज तपासाल. परंतु संगणकासमोर बसलो की हे शहाणपण आपण विसरतो.

एका शाळेतला प्रसंग सांगतो. नववीतल्या एका मुलीने पायथन भाषेत आलेख काढणारा प्रोग्राम लिहिला. त्यासाठी लागणारी मॅटप्लॉटलिब ही लायब्ररी तिने रीतसर बसवली होती. तरीही व्हिज्युअल स्टुडिओ कोड या एडिटरने लायब्ररीच्या नावाखाली नागमोडी रेघ ओढली. तिने एडिटर काढून पुन्हा बसवला. लायब्ररी पुन्हा बसवली. रेघ जाईना. शेवटी ती म्हणाली, "मला हे जमायचं नाही." गंमत अशी, की तिचा प्रोग्राम अगदी बरोबर होता!

मग चूक कोठे होती? एडिटर ही मुळात लिहिण्याची वही. तिला स्वतःला पायथन येत नाही. चुका दाखवण्याचे काम 'लँग्वेज सर्व्हर' नावाचा वेगळा प्रोग्राम करतो. पूर्वी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषेसाठी वेगळी जोडणी लागे. दहा एडिटर आणि दहा भाषा असल्या तर शंभर जोडण्या! एडिटर आणि सर्व्हर यांनी एकमेकांशी कसे बोलावे, याचे सामाईक नियम २०१६ साली मायक्रोसॉफ्टने जाहीर केले, आणि हे काम वीस जोडण्यांत होऊ लागले. प्रोग्राम प्रत्यक्ष चालवतो तो मात्र तिसराच, म्हणजे इंटरप्रिटर. टर्मिनलमध्ये आज्ञा दिली की संगणक त्याला 'पाथ' नावाच्या फोल्डरांच्या यादीत शोधतो. जो आधी सापडेल, तो चालतो.

आम्ही प्रथम एडिटर बाजूला ठेवला आणि प्रोग्राम टर्मिनलमध्ये चालवला. आलेख झटकन उमटला. म्हणजे प्रोग्राम निर्दोष, लायब्ररीही जागेवर. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये 'व्हेअर पायथन' ही आज्ञा दिली, तर पत्ते दोन निघाले! संगणकावर पायथन दोन होते. लायब्ररी एकाच्या घरी होती आणि एडिटर दुसऱ्याच्या दारात उभा होता. एडिटरच्या तळाच्या पट्टीवर टिचकी मारून योग्य पायथन निवडताच रेघ नाहीशी झाली. दिवसभराचा त्रास पाच मिनिटांत मिटला.

यातून तीन सवयी लावून घ्या. एक, चुकीचा संदेश शेवटपर्यंत वाचा. दोन, साखळीचा एकेक दुवा वेगळा करून तपासा. तीन, एका वेळी एकच बदल करा; चार बदल एकदम केलेत, तर कशाने गुण आला ते कधीच कळणार नाही.

आता शिक्षकांना एक विनंती. तासापूर्वी सर्व संगणक सज्ज करून ठेवण्यात तुमचा हेतू चांगलाच असतो. अभ्यासक्रम मोठा, तास अपुरे, हेही खरे. पण तयार ताटावर बसलेल्या मुलाची घरी पहिल्याच रेघेपाशी गाडी अडते, आणि दोष तो स्वतःच्या बुद्धीला देतो. म्हणून वर्षातून निदान एक तास मुद्दाम बिघाड करून ठेवा. मुलांना तो शोधू द्या. रसायनशास्त्राप्रमाणे वहीत निरीक्षण, अंदाज, तपासणी आणि निष्कर्ष लिहून घ्या, आणि त्याला गुण द्या.

प्रोग्राम लिहिणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो का चालत नाही हे शोधणेही महत्त्वाचे आहे. त्या मुलीने आता वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे: 'आधी विचारा, कोणता पायथन?'