घराघरांतले दूषीविष

मकर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत महाराष्ट्रातील घराघरांत हळदीकुंकवाचे समारंभ होतात. आलेल्या भगिनीच्या कपाळी हळद-कुंकू लावावे, तिची ओटी भरावी, हाती तिळगूळ द्यावा आणि आपल्या ऐपतीप्रमाणे वाण लुटावे, असा हा साधा सोहळा. शेजारधर्म, आतिथ्य आणि ऋतुमान यांचा इतका सुंदर मेळ घालणारे व्रत क्वचितच दुसरे असेल. परंतु त्या तबकात आज नेमके काय असते, हा प्रश्न आपण सहसा स्वतःला विचारीत नाही. हळद निर्भेळ आहे काय? कुंकू हळदीचेच आहे काय? तिळगुळातील गूळ पिवळाधमक कशाने झाला? मंगलद्रव्य म्हणून आपण जे देतो, ते मंगलच आहे, याची खात्री आपल्यापैकी किती जण देऊ शकतील?

हा प्रश्न कल्पनेतून आलेला नाही. हळकुंडे उकडून, वाळवून, पिंपात घालून घासली की त्यांवर झळाळी येते. निकृष्ट, भिजलेला वा काळपट माल खपवावयाचा असेल, तर याच टप्प्यावर त्याला लेड क्रोमेटचा हात दिला जातो. लेड क्रोमेट म्हणजे शिशापासून केलेला चकचकीत पिवळा रंग. त्याचा खरा उपयोग रंगाच्या कारखान्यात. भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका येथील बाजारांतून गोळा केलेल्या हळदीचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक नमुने स्वच्छ निघाले. मात्र ज्या थोड्या ठिकाणी शिसे सापडले, त्यांत पाटणाही होते, आणि तेथील प्रमाण आपल्या कायद्याने आखलेल्या मर्यादेच्या शंभर पटींहून अधिक होते. म्हणजे हळकुंड सगळे आहे म्हणून ते शुद्ध, हा गृहिणीचा जुना ठोकताळाही आता पुरेसा राहिलेला नाही.

आपल्या पूर्वजांनी या प्रकारच्या विषाला नाव देऊन ठेवले आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक संपूर्ण अंग, अगदतंत्र, विषांच्या विचारासाठी राखलेले आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानाचा प्रारंभच अन्नपानाचे विषापासून रक्षण कसे करावे, या विषयाने होतो. त्याच स्थानात 'दूषीविष' ही संकल्पना येते. जे विष प्रखर नाही, तत्काळ प्राण घेत नाही, पण शरीरातून पूर्णपणे निघूनही जात नाही. जे वर्षानुवर्षे धातूंत मुरून राहते आणि अनुकूल संधी मिळताच प्रकट होते, ते दूषीविष. आजच्या घरात जी विषे शिरली आहेत, त्यांचे याहून नेमके वर्णन सापडणे कठीण. राजाच्या स्वयंपाकघरावर पहारा ठेवण्याची व्यवस्था त्या काळी होती. आज सामान्य माणसाच्या स्वयंपाकघरावर पहारा कोण ठेवणार, हा खरा प्रश्न आहे.

शिशाचेच उदाहरण पाहा. शरीरात गेलेले शिसे हाडांत साठते. प्रौढांच्या तुलनेत लहान मुले ते चार ते पाच पट अधिक शोषून घेतात आणि त्याचा सर्वांत मोठा आघात वाढत्या मेंदूवर होतो. शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफच्या २०२० मधील अहवालाच्या अंदाजानुसार भारतातील सुमारे २७ कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंता वाटावी इतके आहे. जुने रंग, उघड्यावर वितळविल्या जाणाऱ्या बॅटऱ्या, काही भांडी, मसाले अशी त्याची अनेक उगमस्थाने आहेत. या मुलांना ताप येत नाही, अंगावर पुरळ उठत नाही. ती केवळ अभ्यासात मागे पडतात, चिडचिडी होतात, आणि आपण त्यांना आळशी म्हणून मोकळे होतो. राष्ट्राची बुद्धी अशी मूकपणे पोखरली जात असेल, तर तो केवळ आरोग्य खात्याचा विषय राहत नाही.

अशा वेळी 'परंपरेकडे परत चला' असे म्हणून थांबण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. जे जे नैसर्गिक ते ते निर्विष, हा समज भाबडा आहे. मारुतीला आणि गणपतीला आपण जो शेंदूर चढवितो, तो परंपरागत शेंदूर म्हणजे शिशाचाच एक क्षार. देवाच्या मूर्तीवर त्याचे स्थान असेल, पण तो बोटाने तान्ह्या बाळाच्या कपाळी लावणे शहाणपणाचे नाही. चुलीतील लाकूड आणि गोवऱ्या नैसर्गिकच होत्या, तरी त्यांच्या धुराने आपल्या कित्येक माताभगिनींची फुप्फुसे निकामी केली. १ मे २०१६ रोजी बलिया येथून उज्ज्वला योजना सुरू झाली, ती याच कारणासाठी. परंपरेवर श्रद्धा असणाऱ्यांनीच परंपरा डोळसपणे तपासली पाहिजे. सुश्रुतांचा वारसा सांगावयाचा, तर परीक्षा केल्याशिवाय काही स्वीकारू नये, हा त्यांचा बाणाही घ्यावयास हवा.

घरातील विषाचा माग काढीत गेलो, की आपण शेताच्या बांधावर पोहोचतो. तेथे या विषाचा पहिला बळी ग्राहक नसतो, शेतकरी असतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांनी प्राण गमावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. उंच वाढलेली कपाशी, उकाडा, तोंडाला रुमालाशिवाय काही नाही, आणि दोन-तीन औषधांचे मिश्रण. शेतकरी त्याला 'औषध'च म्हणतो, ही या शोकांतिकेतील सर्वांत करुण गोष्ट. त्याआधी १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेतील माध्यान्ह भोजनातून २३ बालके दगावली. त्यांच्या अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक उतरले होते. याच कीटकनाशकाचा भाजीपाल्यावरील वापर आपण २००५ मध्येच निषिद्ध ठरविला होता. बंदी कागदावर राहिली आणि विष स्वयंपाकघरात पोहोचले.

मग आपल्याकडे तपासणीची क्षमता नाही काय? आहे, आणि उत्तम आहे. नाशिकच्या द्राक्षांकडे पाहा. युरोपच्या बाजारात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश आढळू लागले, तेव्हा आपण हातावर हात ठेवून बसलो नाही. 'ग्रेपनेट' ही व्यवस्था उभी राहिली. निर्यातीसाठीच्या प्रत्येक बागेची नोंदणी, फवारणीचा हिशेब, काढणीपूर्वी नमुन्याची प्रयोगशाळेत तपासणी आणि पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढण्याची सोय, असे तिचे स्वरूप. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या कामात अग्रभागी आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात माल अडला, तेव्हाही शेतकरी आणि शास्त्रज्ञ धडा शिकले व सावरले. भारतीय शेतकरी विषमुक्त माल पिकवू शकतो, हे यातून निर्विवाद सिद्ध झाले.

पण याच सिद्धतेतून एक बोचरा प्रश्न उभा राहतो. रॉटरडॅमच्या बंदरात उतरणाऱ्या घडाची जितकी परीक्षा होते, तितकी आपल्या मंडईत येणाऱ्या घडाची होते काय? जर्मनीच्या मुलाने काय खावे, याची आपण काटेकोर काळजी घेतो. जळगावच्या मुलाने काय खावे, ते मात्र दैवावर सोडतो. परक्या ग्राहकासाठी एक माप आणि स्वदेशबांधवासाठी दुसरे, ही मनोवृत्ती गुलामगिरीच्या काळातील आहे. उत्तम ते विलायतेला आणि उरलेसुरले रयतेला, हीच त्या काळची रीत होती. स्वदेशीचा अर्थ केवळ देशी माल विकत घेणे इतका संकुचित नाही. आपल्या देशवासीयाला सर्वोत्तम तेच मिळाले पाहिजे, हा आग्रह म्हणजे स्वदेशी. एकच माप, घरच्यालाही आणि परक्यालाही, ही मागणी आता समाजातून उठली पाहिजे.

ती मागणी करताना शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून चालणार नाही. वांग्याला एक छिद्र दिसले की ते बाजूला सारणारे हात आपलेच असतात. पिवळाधमक गूळ हवा, असा हट्ट आपलाच असतो. मग गुऱ्हाळवाला भेंडीच्या चिकाने मळी काढण्याऐवजी हायड्रोस टाकतो. आंबा हंगामाआधी हवा, तोही एकसारखा पिवळा, म्हणून कायद्याने बंदी असलेले कॅल्शियम कार्बाइड अढीत शिरते. चकाकीला भाव देणारा ग्राहक हाच या साखळीचा पहिला दुवा आहे. शेतकऱ्याने बदलावे असे वाटत असेल, तर त्याला वेळ आणि दाम दोन्ही द्यावे लागतील. श्रीलंकेने २०२१ मध्ये एका फटक्यात रासायनिक खते बंद केली आणि अन्नधान्याची दाणादाण उडाल्यावर काही महिन्यांतच निर्णय फिरविला. याउलट सिक्कीमने २००३ पासून टप्प्याटप्प्याने पावले टाकली आणि २०१६ मध्ये ते संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून घोषित झाले. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेले २,४८१ कोटी रुपयांचे राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान एक कोटी शेतकऱ्यांपर्यंत जाऊ पाहते. त्याचे यश दिल्लीत ठरणार नाही, ते आपल्या पिशवीत काय येते, यावर ठरेल.

कुटुंबाने काय करावयाचे, ते फारसे अवघडही नाही आणि खर्चिक तर मुळीच नाही. झळझळीत पिवळ्यापेक्षा मातकट, बिनपॉलिशचे हळकुंड घ्यावे, शक्यतो माहितीच्या शेतकऱ्याकडून. सांगली आणि वायगाव येथील हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे; अस्सल वाण आपल्या दारातच आहे. हळद, लिंबाचा रस आणि टाकणखार यांपासून घरी कुंकू करण्याची कृती अजून अनेक आजींना ठाऊक आहे, ती नातींनी शिकून घ्यावी. गूळ तपकिरी असावा, फळे हंगामातली असावीत. भाजी-फळे वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याने वरचा अंश बराच जातो. आत मुरलेले विष धुण्याने जात नाही, म्हणूनच ती कोठून आली, हे विचारणे महत्त्वाचे. ऊन ऊन आमटी प्लॅस्टिकच्या डब्यात ओतू नये. पितळेची भांडी पुन्हा वापरात येत आहेत, हे चांगलेच. पण आंबट पदार्थासाठी त्यांना कल्हई हवी आणि ती शुद्ध कथलाची हवी. बंद खोलीत रात्रभर मच्छर अगरबत्ती जाळणे सोडून खिडक्यांना जाळी आणि अंथरुणावर मच्छरदाणी लावावी. अशा एका कॉइलच्या धुरातील सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढे असल्याचे २००३ मधील एका अभ्यासात दिसून आले आहे. कीटकनाशकाचा रिकामा डबा धुऊनही घरात वापरू नये, हे गावोगाव पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे.

एकट्या कुटुंबाची दक्षता मात्र अपुरी पडते. येथे संघटनेचे काम सुरू होते. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून शेजारच्या कुटुंबांचे गट करून एकत्रित खरेदीची पद्धत रुजविली. पन्नास कुटुंबांनी मिळून एका शेतकऱ्याशी वर्षाचा करार केला, तर त्याला हमीचा भाव मिळतो आणि यांना खात्रीचे धान्य. वस्तीतील हळद-मसाल्याचे नमुने तपासून घेणे, दोष आढळल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे रीतसर तक्रार करणे आणि तिचा शेवटपर्यंत पाठपुरावा करणे, हे नागरिक कर्तव्यच आहे. पंच परिवर्तनातील कुटुंब प्रबोधन, पर्यावरण, स्वदेशी आणि नागरिक कर्तव्य हे चार धागे या एका कामात सहज गुंफले जातात. हे होऊ शकते, याचा पुरावा शेजारीच आहे. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातील हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडत होते. शास्त्रज्ञांनी ते उघड केले, शासनाने बाजारात धाडी घालून दंड केला, वृत्तपत्रांनी जनजागरण केले. २०२१ पर्यंत ते प्रमाण शून्यावर आले. ढाक्यात जे दोन वर्षांत साधले, ते पाटण्यात आणि पुण्यात साधू नये, याला सबब कोणती?

अन्नाला ब्रह्म मानणारा आपला समाज आहे. पान वाढल्यावर आपण हात जोडतो. त्या नमस्काराला अर्थ राहावयाचा असेल, तर पानात काय वाढले आहे, याची जबाबदारीही घेतली पाहिजे. येत्या संक्रांतीला वाण म्हणून प्लॅस्टिकची वस्तू देण्याऐवजी ओळखीच्या शेतकऱ्याची पावशेर हळद, घरी केलेल्या कुंकवाची पुडी किंवा देशी भाजीच्या बियांची पुरचुंडी द्यावी. दहा घरी ती जाईल, त्यातील दोन घरे पुढच्या वर्षी तेच वाण लुटतील. समाज असाच, एका तबकाकडून दुसऱ्या तबकाकडे, बदलत जातो. तिळगूळ देताना गोड बोलण्याची विनवणी आपण करतोच. तो तिळगूळ निर्विष असेल, याची हमीही यापुढे त्यासोबत द्यावी.