पाहुणा मास्तर आणि निर्वासितांची शाळा

पदवी हाती पडल्यावर काही काळ परदेशी जावे आणि निर्वासितांच्या मुलांना इंग्रजी शिकवावे, ही पाश्चात्त्य तरुणांची जुनी प्रथा आता आपल्या विद्यार्थ्यांनाही खुणावू लागली आहे. हेतू स्तुत्य आहे. परंतु हेतू चांगला म्हणून फळही चांगले येतेच असे नाही. यास्तव या प्रश्नाचा थोडा हिशेबी दृष्टीने विचार करणे अगत्याचे ठरते.

थायलंडच्या पश्चिम सीमेवर, मोई नदीकाठी, माए सोत हे गाव अशा स्वयंसेवकांचे मोठे ठिकाण आहे. नदीपलीकडे ब्रह्मदेश. १९८४ मध्ये लष्कराच्या हल्ल्यांमुळे कारेन कुटुंबे ही सीमा ओलांडून आली. १९८८ चे लोकशाही आंदोलन चिरडले गेल्यावर विद्यार्थी आले. २०२१ च्या लष्करी उठावानंतर नव्या सत्तेची चाकरी नाकारणारे शिक्षक, डॉक्टर आणि कारकूनही आले. सीमेवर आज नऊ छावण्या असून त्यांत मे ला ही सर्वांत मोठी आहे. तेथे जन्मलेली मुले आता स्वतः आईबाप झाली आहेत.

या लोकांना इंग्रजीची गरज आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. थायलंडने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही. छावणीबाहेर जाऊन काम करण्यास दीर्घकाळ बंदी होती. अशा स्थितीत मदत-संस्थेतील नोकरी, उच्च शिक्षण किंवा २००५ पासून मोठ्या प्रमाणावर सुरू झालेले अमेरिकेतील पुनर्वसन, या साऱ्या वाटा इंग्रजीतून जात होत्या.

गरज खरी आहे. प्रश्न आहे तो पुरवठ्याच्या स्वरूपाचा. तीन आठवड्यांसाठी आलेला पाहुणा मास्तर मुलांची नावे पाठ होईपर्यंत परतीच्या वाटेला लागतो. पुढचा येतो, तो पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ करतो. मुलांना लळा लागतो आणि तुटतो. दुसरीकडे त्याच शाळेतील स्थानिक शिक्षक, जो स्वतः निर्वासित आहे, अत्यल्प मानधनावर वर्षानुवर्षे वर्ग सांभाळीत असतो. पाहुण्याच्या विमानभाड्यात त्याचे कित्येक महिन्यांचे मानधन सहज निघेल. अर्थशास्त्रात ज्याला पर्यायी व्यय म्हणतात तो हाच. परोपकाराला हा नियम लागू नाही, असे मानण्याचे कारण नाही.

बाहेरच्यांवर सर्वस्वी विसंबण्याचे फळ काय, हे २०२५ च्या आरंभी दिसले. अमेरिकेने परदेशी मदत थांबविली आणि छावण्यांतील दवाखाने बंद पडले. त्याच वर्षी थायलंड सरकारने छावण्यांतील निर्वासितांना कायदेशीर रोजगाराची मुभा देण्याचा निर्णय घेतला. म्हणजे आता उपजीविकेसाठी इंग्रजीइतकीच, किंबहुना अधिक, थाई भाषा उपयोगी पडणार. काय शिकवावयाचे हे पाहुण्याने नव्हे, तर तेथील समाजाने ठरवावयाचे, याचे याहून स्पष्ट उदाहरण कोणते?

याचा अर्थ कोणी जाऊच नये असा नव्हे. ज्याला जावयाचे आहे त्याने निदान एक शैक्षणिक वर्ष द्यावे, अध्यापनाचे शिक्षण घेऊन जावे आणि मुलांपेक्षा तेथील शिक्षकांबरोबर काम करावे. मराठी माध्यमातून शिकून मागाहून इंग्रजी आत्मसात केलेल्या आपल्या तरुणाजवळ येथे एक मोलाची शिदोरी आहे: परकी भाषा कोठे अडते, हे त्याने स्वतः सोसलेले असते. ज्याला वर्ष देणे शक्य नाही त्याने विमानभाड्याची रक्कम स्थानिक शिक्षकांच्या मानधनासाठी पाठवावी. त्यात छायाचित्रे मिळणार नाहीत. पण वर्ग चालू राहील.

शिवाय हा प्रश्न केवळ परदेशातील नाही. २०२१ नंतर ब्रह्मदेशातील हजारो चिन निर्वासित मिझोराममध्ये आले, आणि त्या लहानशा राज्याने त्यांच्या मुलांना सरकारी शाळांची दारे उघडली. भारतानेही १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. तरीही हे घडले. सेवेची आस असणाऱ्यांनी त्या शाळांना काय हवे आहे, याचीही चौकशी करावी.

जाणाऱ्याने निघण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: मी परतल्यानंतर हा वर्ग कोण घेणार? याचे उत्तर ज्याच्यापाशी आहे, त्याने अवश्य जावे.